काढून ठेवलेली बेल
आज दुपारी दारावरची बेल वाजली, तीच जुनी चिमणीच्या चिवचिवाटाची, आणि मला मुलुंडच्या त्या काकू आठवल्या. तेव्हा मी लोकांच्या घरी जाऊन नर्सिंग करायचे. काकूंचा आजार दुर्मीळ होता. शरीराची रोगाशी लढणारी शक्ती त्यांच्याच मज्जातंतूंवर उलटली होती. अवचित आवाज झाला, न सांगता कुणी हात लावला, की अंग लाकडासारखं ताठ व्हायचं आणि त्या कळवळायच्या. म्हणून बेलची वायर काढलेली, कुकर बंद, मी पावडरचा डबासुद्धा "काकू, उघडते हां" म्हणून उघडायचे. आधी फोन करून येणारी माणसं पुढे फोनवरच भागवू लागली. एका दुपारी अंग पुसून झाल्यावर काकू म्हणाल्या, "सिस्टर, ती वायर जोड ना गं. एकदाच वाजव. आधी सांगितलंस तर काही नाही होणार." मी घाबरतच वायर जोडली, "आता वाजवते हां" म्हणत बाहेर गेले, दार हळूच ओढलं, किल्ली मुठीत धरून बटण दाबलं. आत काहीच हालचाल नाही. मी किल्ली कुलपाला लावली. मग आतून आवाज आला, पाहुण्यांसाठी राखून ठेवलेला: "कोण आहे? अगं बाई, या ना, या! किती दिवसांनी!" मी दार उघडलं, चपला काढल्या, पाहुणीसारखी खुर्चीत बसले आणि आम्ही दोघी किती उकडतंय यावर बोललो. आज दारात कुरिअरवाला होता, मजला चुकलेला. माझ्या बेलची वायर कुणीच काढलेली नाही, तरी ती क्वचितच वाजते, आणि वाजली की हल्ली मीच दचकते.