पाकळ्या काढल्या तो मंगळवार

देवीला प्रश्न विचारायचा आणि उत्तरही आपणच ठरवून ठेवायचं, असला लबाडपणा मी आयुष्यात एकदाच केला. तो लिहून टाकल्याशिवाय पुढचं काही सांगता येणार नाही, म्हणून आधी तेच सांगते.

गेली नऊ-दहा वर्षं मला आमवात आहे. आधी सकाळी बोटं आखडायची, गरम पाण्यात बुडवली की सुटायची. मग सुटेनाशी झाली. उजव्या हाताचा अंगठा आणि त्याशेजारची दोन बोटं तर अशी सुजून वाकडी झाली की, चहाचा कप दोन्ही तळव्यांत धरून उचलावा लागे. तांदळाची भाकरी थापणं केव्हाच सुटलं होतं. ती आता आमचे हे थापतात, आणि ती बरी होते हे मी अजून त्यांना सांगितलेलं नाही. पनवेलच्या डॉक्टरांनी हाताचे एक्स-रे उजेडात धरून स्पष्ट सांगितलं, की या तीन बोटांचे सांधे शस्त्रक्रिया करून एका जागी पक्के करावे लागतील. ठणका जाईल, पण ती बोटं पुन्हा वळणार नाहीत. आणि नाही केलं तर ठणका वाढत जाईल आणि बोटं हलवणाऱ्या आतल्या दोऱ्या कधीतरी आपोआप तुटतील. त्यांनी विचार करायला महिनाभर वेळ दिला. मी भिसेगावच्या घरी येऊन दोन दिवस कुणाशी धड बोलले नाही.

कारण माझी चिमटी जाणार होती. आमचं मूळ गाव खालापूर तालुक्यात, आणि तिथल्या ग्रामदेवीला सणावारी साडी नेसवायचा मान आमच्या घराचा. सासूबाईंनंतर तो माझ्याकडे आला आणि तीस वर्षं मी तो कुणाच्या हाती जाऊ दिला नाही. काळ्या पाषाणाची कंबरेएवढी मूर्ती, तिला नऊवारी बसवायची म्हणजे निऱ्या अंगठा आणि दोन बोटांच्या चिमटीत घट्ट धराव्या लागतात. माझ्या निऱ्या बघायला शेजारच्या गावच्या बायका यायच्या. धाकट्या जाऊबाईने एकदा, खूप वर्षांपूर्वी, शिकवा म्हणून विचारलं होतं. मी हसत हसत म्हटलं होतं, तुला जमायचं नाही. त्यानंतर ती दर वर्षी टाचण्यांची डबी घेऊन माझ्याशेजारी उभी राहायची आणि मागितली की टाचणी द्यायची. यात काही चुकतंय असं मला कधी वाटलं नाही.

तर माघातल्या एका मंगळवारी मी एसटीने गावी गेले, शस्त्रक्रिया करू का असा कौल लावायला. आमच्याकडे अडलं-नडलं की देवीला विचारतात. ओल्या पाकळ्या मूर्तीच्या दोन्ही खांद्यांवर चिकटवायच्या. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. आणि उत्तर मिळेपर्यंत त्यांना माणसाने हात लावायचा नाही. एरवी पाकळ्या गुरव लावतो, पण मी मानाची, म्हणून त्याने मला लावू दिल्या. मी शेवंतीच्या दोन पाकळ्या घेतल्या. उजवी चांगली भिजवून तळव्याने दाबून बसवली. डावी नुसती टेकवली. वाऱ्याची झुळूक आली तरी पडली असती. देवीनेच नको म्हटलं, एवढं घरी सांगता आलं की मला पुरे होतं.

पण डावी पडेना. गुरव पालापाचोळा जाळून भाताचा राब भाजायला शेतावर निघून गेला. मी खांबाला टेकून बसले होते. बाहेरून जळत्या पातेऱ्याचा वास येत होता आणि माझा हात खांद्यापर्यंत ठणकत होता. तासभर गेला असेल. दोन्ही पाकळ्या होत्या तिथेच. मला देवीची भीती वाटायला लागली, आणि त्याहून जास्त स्वतःची लाज.

तेवढ्यात एक बाई आली. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान असेल, पायांत धुळीने भरलेल्या चपला, हातात दुकानाची पिशवी. कशेळ्याच्या बाजूची, दोन गाड्या बदलून आले म्हणाली. पिशवीतून तिने हिरवी नऊवारी काढली आणि ही देवीला नेसवायची हाय, कोण नेसवतं, असं विचारलं. पावसाळ्यात तिची मुलगी तापाने इस्पितळात होती, तेव्हा ही साडी बोलली होती. मी सहज विचारलं, मुलगी बरी झाली ना मग? तिने मान हलवली. दिवाळीच्या आधी गेली म्हणाली.

नवस पुरा झाला नाही तर साडी द्यायची नसते, तू उगाच आलीस, असं काहीतरी मी पुटपुटले. तिने साडीवरून हात फिरवला.

"राग हाय माझा तिच्यावर," ती मूर्तीकडे बघत म्हणाली. "लय राग हाय. पन साडी तिची हाय, मावशी. मी बोलले होते."

मी तिला माझे हात दाखवले. त्या दिवसापर्यंत मी ते पदराखाली ठेवत असे. मी म्हटलं, बाई, नेसवणारी मीच, पण माझ्याने आता होत नाही. हे मी पहिल्यांदाच कुणाला मोठ्याने सांगत होते. तिने माझ्या बोटांकडे पाहिलं, कीव केली नाही. "तुमी सांगा, मी करते," एवढंच म्हणाली आणि हात धुवायला गेली.

परत आली तेव्हा मूर्तीजवळ जाऊन थबकली. तिच्याही गावात कौल लावत असणार. "ह्या कुनाच्या तरी पाकळ्या हायेत. काढू?" तिने विचारलं.

साडी नेसवायची तर त्या निघणारच होत्या. तिने पुन्हा विचारलं. मग मी म्हटलं, "काढ गं. माझ्याच हायेत." उजवी तिच्या हाताला लगेच आली. डावीला मात्र तिला नख लावून खरवडावं लागलं. त्याचा अर्थ मी तेव्हाही लावला नाही आणि आताही लावत नाही.

मग मी सांगत गेले आणि ती करत गेली. निऱ्या कुठून धरायच्या, सुतळी कुठे आवळायची, काष्टा किती सैल सोडायचा. तीस वर्षं जे फक्त माझ्या बोटांना माहीत होतं ते तोंडाने सांगताना मी सारखी अडखळत होते. तिच्या निऱ्या लहान-मोठ्या येत होत्या आणि त्या सारख्या करायला माझे हात शिवशिवत होते. पदर घेताना ती मधेच थांबली, कपाळ देवीच्या खांद्याला लावलं आणि म्हणाली, "पोरीला लग्नाची नेसवायची राहिली वो." मग ती रडली. मीही रडले, तिच्या मुलीसाठी आणि माझ्या हातांसाठीसुद्धा, हे कबूल करते. रडून झाल्यावर तिने पदर नीट बसवला, ओटी भरली आणि गाडी चुकेल म्हणून घाईने गेली. तिचं नाव विचारायचं राहून गेलं. पुढे कशेळ्याच्या बाजारात दोनदा जाऊन शोधलं, पण अशी बाई कोण ते कुणी सांगू शकलं नाही.

एवढंच घडलं. हात बरा झाला नाही, कौल मिळाला नाही. पण त्या बाईने मागितलेलं मिळालं नाही तरी दिलं होतं, आणि मी तीस वर्षं मिळालेलं मुठीत धरून ठेवलं होतं. त्या संध्याकाळी मी यांना सांगितलं, शस्त्रक्रियेची तारीख घ्या. मग जाऊबाईला फोन लावला आणि चैत्राच्या जत्रेला देवीला तू नेसव म्हटलं. ती हळूच म्हणाली, "मला जमंल का, ताई?"

जमलं. दोन तास लागले, मी पायरीवर बसून सांगत होते आणि दोनदा तिच्यावर खेकसलेसुद्धा, स्वभाव काही शस्त्रक्रियेने जात नाही. आता ठणका नाही. झोप लागते. पण माझी ती तीन बोटं कायमची किंचित वाकलेली आहेत, त्यामुळे हात जोडले तरी तळवे पूर्ण जुळत नाहीत, मधे फट राहते. पहिले काही दिवस मला त्या नमस्काराची लाज वाटायची. आता तसाच करते. आई, आता एवढेच जुळतात, म्हणते, आणि डोकं टेकवते.