बाबांच्या ऑर्गनचे भक्त

बाबांच्या चाहत्यांवर मी चिडते, हे घरात कुणालाच पटत नाही. "लोक तुह्या बापाले एवढं मानतात, अन् तुह्यं काहून पोट दुखते?" असं आत्या तोंडावर विचारते. तिला काय सांगणार? महिन्यातून एखाद्या तरी रविवारी सकाळीच बेल वाजते आणि दारात अकोल्याचं, अकोटचं, नाहीतर शेंदूरजनाघाटचं कुणीतरी उभं असतं. हातात संत्र्यांची पिशवी. चपला काढायच्या आत बाबांच्या पाया पडतात. मग आत येतात, बाबांकडे पाठ करतात आणि ऑर्गनचे फोटो काढतात. एकाने तर माझ्या देखत त्यावर फूल वाहिलं होतं. ते पट्ट्यांच्या फटीत गेलं आणि पाकळ्या काढताना माझी कंबर धरली.

ऑर्गन म्हणजे नाटकातली पायपेटी नव्हे. हा विजेवर चालणारा, पट्ट्यांचे दोन मजले असलेला, कपाटाएवढा जड. तरुणपणी बाबा मुंबईत हॉटेलांमधल्या वादकांबरोबर वाजवायचे. तिथेच त्यांना जॅझचा नाद लागला. मग आजोबा आजारी पडले, बाबा अमरावतीला परतले आणि येताना हे धूड ट्रकमध्ये घालून घेऊन आले. त्याआधी आमच्या वऱ्हाडात ऑर्गनवर जॅझ कुणी ऐकलंही नव्हतं. गणपतीच्या आणि शारदोत्सवाच्या कार्यक्रमांत बाबा सिनेमाचं गाणं सुरू करायचे आणि एक कडवं झालं की गाणं सोडून भलतीकडेच निघून जायचे. गायक माइक धरून ताटकळायचा. ढोलकवाला त्यांच्या तोंडाकडे पाहत बसायचा. मनात येईल तेव्हा बाबा हसत हसत गाण्यात परत यायचे. सुरुवातीला लोकांनी शिव्या घातल्या. "मास्तर, रस्ता चुकला काय?" असं खालून ओरडायचे. पुढे पुढे त्या भटकण्यासाठीच लोक बैलगाड्या, ट्रॅक्टर, मिळेल ते पकडून येऊ लागले.

अकोल्यातल्या एका मैदानावरचा असाच एक कार्यक्रम कुणीतरी टेप केला. बाबा त्या दिवशी गाण्यातून बाहेर पडले ते परत यायचं नावच घेईनात. त्या कॅसेटवरून कॅसेटी निघाल्या, त्या गावोगाव गेल्या, आणि आता ती प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये आहे. भक्तांना ती पाठ आहे. कुठे कोण खोकलं, कुठे कोण "वा मास्तर" म्हणालं, सगळं. बाबांना त्या क्षणी सुचलं म्हणून त्यांनी जे वाजवलं, दुसऱ्या दिवशी त्यांनाही तसं वाजवता आलं नसतं, ते यांनी आरतीसारखं घोकून ठेवलं. मी शाळेत गणित शिकवते. सूत्र पाठ करून गणित न सोडवणारी मुलं मला वर्षानुवर्षं छळत आली आहेत, आणि घरी आले की ही मोठी मुलं.

मध्यंतरी बाबांना अर्धांगवायूचा झटका आला. बोलणं आणि चालणं सावरलं, पण डाव्या हाताची बोटं जड राहिली आणि उजव्या हाताचा वेगही गेला. मला वाटलं, संपलं. बाबा बरेच दिवस ऑर्गनकडे बघायचेही नाहीत. मग एका दुपारी जेवणं झाल्यावर त्यांनी वरचं कापड काढलं. तेव्हापासून रोज दुपारी बसू लागले. एक सूर धरायचे, सोडायचे, आणि नुसते बसून राहायचे. मला आधी वाटायचं, पुढचं आठवत नाही यांना. एकदा न राहवून मी विचारलं.

"विसरलो नाई माय," ते म्हणाले. "आधी हात पयायचा, तर मी त्याच्या मांगं पयत होतो. आता पयत नाई, तर थांबाले शिकून राहिलो. लय कठीन आहे."

हात पळत नाही म्हणून थांबायला शिकायचं, मला त्यातलं काही कळत नव्हतं. पण एक दिवस मी मेथी निवडत बसले होते आणि बाबांनी एका सुरानंतर हात उचलला. पुढचा सूर येईना. तो कोणता येईल ते मला आतून ऐकू येऊ लागलं होतं, आणि बाबांनी दिला तो निराळाच. माझ्या हातातली जुडी तशीच राहिली. मी रडले, हे सांगायला मला लाज वाटत नाही.

त्यानंतर बाबांनी एकच धोशा लावला. हे एकदा लोकांपुढे वाजवायचं. सत्कार नको, हार नको. एकदा चार लोकांनी हे ऐकावं, एवढंच. "मंग उचललं देवानं तरी चालते," असं म्हणायचे आणि मी खेकसायची.

म्हणून अकोल्याचे वकीलसाहेब आमच्याकडे आले तेव्हा मीही हरखले. हे भक्तमंडळींचे पुढारी. वकिली आता सोडली आहे, दिवसभर बाबांच्या नावाचा मोबाइलवरचा ग्रुप चालवतात. अकोल्यात बाबांचा मोठा कार्यक्रम करायचा, हॉलही ठरवला, असं त्यांनी सांगितलं.

"मी वाजवीन," बाबा म्हणाले. "पन नवं वाजवीन. ते कॅसेटीतलं नाई."

"होय ना मास्तर! तुमाले वाटते ते वाजवा. तुमी नुसते बसले तरी आमाले पावलं."

हे शेवटचं वाक्य मला तेव्हाच खटकायला हवं होतं. पण बाबांचा चेहरा इतका उजळला होता की मी चहा टाकायला उठले.

कार्यक्रमाच्या दिवशी ऑर्गन टेम्पोत चढवला, गाद्या लावून बांधला, आणि आम्ही मागून गाडीने निघालो. मूर्तिजापूर येईपर्यंत बाबा मांडीवर बोटं ठेवून मनातल्या मनात वाजवत होते. दुपारी हॉलवर पोहोचलो. ऑर्गनचा स्वतःचा स्पीकर केव्हाच बसला आहे, घरी तो एका जुन्या टेपच्या स्पीकरला जोडलेला असतो; त्यामुळे इथे त्याची वायर हॉलच्या साउंडला जोडावी लागली. आवाज तपासायला बाबांनी नव्यातलं थोडंसं वाजवलं. रिकाम्या हॉलमध्ये ते घरच्यापेक्षाही सुंदर वाटलं. मी वळून पाहिलं तर वकीलसाहेबांचा चेहरा पडलेला.

ते मला बाजूला घेऊन गेले. "ताई, एवढंच हाये का? म्हंजे, हात चालून नाही राहिला वाटते त्यांचा."

"हात चालतो. ते तसंच आहे. तसंच वाजवायचं आहे त्यांना."

"लोकं लांबून येऊन राहिले हो. त्यांच्यासमोर मास्तरांची फजिती झाली तर? आमाले नाही पाहवणार."

"फजिती कशाची? तुम्ही ऐका तर नीट!" माझा आवाज चढला. स्टेजवर सतरंजी अंथरणारे थांबून बघू लागले. वकीलसाहेबांनी हात जोडले, "बरं बरं ताई, तुमी रागावू नका," म्हणाले आणि साउंडवाल्याकडे गेले. मला वाटलं, माइकचं काही सांगत असतील.

संध्याकाळी हॉल खच्चून भरला. दीपप्रज्वलन झालं. मग भाषणं. जो उठला त्याने आपण त्या मैदानावरच्या कार्यक्रमाला कसे हजर होतो तेच सांगितलं. हे सगळे खरंच तिथे असते तर बाबांना उभं राहायला जागा उरली नसती. एकाने तर कॅसेटमधलं "वा मास्तर" आपलंच असल्याचं जाहीर केलं आणि लगेच मागून दोन जणांनी हरकत घेतली. बाबा शाल अंगावर घेऊन, नारळ मांडीवर धरून निमूट बसले होते. मी शेवटच्या रांगेत धुसफुसत होते. सत्कार नको म्हणणाऱ्या माणसाला यांनी नवरदेवासारखा सजवून ठेवला होता.

शेवटी बाबा ऑर्गनवर बसले. दिवे मंद झाले. बाबांनी उजवा हात वर घेतला, हळूच पट्टीवर टेकवला, आणि स्पीकरमधून कॅसेट सुरू झाली.

मला क्षणभर कळलंच नाही. ते गाणं ओळखीचं, तो वेग ओळखीचा, हॉलमध्ये शिट्ट्या. बाबांनी ऐनवेळी बेत बदलला, असंच वाटलं. पण त्यांचा हात तर एका जागी होता. सूर धो धो चालले होते आणि हात एका जागी. बाबांनी तो उचलला. परत टेकवला. मग जोरात दाबला. मान वाकवून पट्ट्यांकडे बघितलं, जसं कुणी दिवा लागत नाही म्हणून बटण पुन्हा पुन्हा दाबतं. कॅसेटमध्ये कुणीतरी खोकलं आणि अख्खा हॉल आनंदाने हसला.

मी उठून धावतच साउंडच्या टेबलाकडे गेले.

"भाई, ऑर्गनची लाइन चालू करा! ते वाजवताहेत!"

"मॅडम, वकीलसाबने बोला है, लाइन बंदच रखनेकी," तो बिचारा घाबरून म्हणाला. "मेरेको क्या मालूम."

मी बटणांवर हात घालणार तोच वकीलसाहेब आले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते खोटं नव्हतं. "ताई, पाया पडतो तुमच्या. पाहा हो, लोकं कसे खूश होऊन राहिले. इज्जत राहिली मास्तरांची."

"अहो, पण हे बाबा वाजवत नाहीयेत!"

"मंग कोन वाजवून राहिलं?" त्यांनी स्पीकरकडे बोट केलं. "तेच तर वाजवून राहिले ना?"

वर्गात सगळ्या मुलांना गप्प करणारी मी, तिथे तोंड उघडं टाकून उभी राहिले. हे मी अजून स्वतःला माफ केलेलं नाही. मुकाट्याने एक वायर ओढून काढायची होती, तेवढंही माझ्याने झालं नाही.

तेवढ्यात बाबा उठले. कठड्याला धरून स्टेजच्या बाजूच्या पायऱ्या हळूहळू उतरले. पुढच्या रांगेतल्यांनी ते पाहिलं. मास्तर थकले असतील, बसू द्या त्यांना, असं म्हणत ते सगळे उभे राहून टाळ्या वाजवू लागले. कुणीही सूर थांबवा म्हणालं नाही. बाकीच्यांचे डोळे मिटलेले होते. बाबा भिंतीच्या कडेकडेने अंधारात चालत मागे आले. मी त्यांचा हात धरून त्यांना शेवटच्या रांगेत माझ्या खुर्चीशेजारी बसवलं. म्हटलं, आता ओरडतील, रडतील, चला घरी म्हणतील. माझी तयारी होती.

पण बाबा ऐकू लागले. समोर दिव्याखाली रिकामी खुर्ची, आणि बाबा मान कलती करून अगदी मन लावून ऐकत होते. थोड्या वेळाने त्यांनी माझं मनगट पकडलं.

"हे पाह्य, इथं," ते माझ्या कानाशी म्हणाले. "इथं मी भेलो होतो माय. समोर लोकं पाहून भेलो अन् पयालो. आता असतो ना, तर इथं थांबलो असतो. मंग आला असता तो सूर..."

आमच्या पुढच्या रांगेत एक माणूस डोळे मिटून, दोन्ही हात छातीशी धरून बसला होता. त्याने डोळे उघडले नाहीत की मागे वळूनही पाहिलं नाही.

"शूऽ! बोलू नका ना हो," तो कळवळून म्हणाला. "मास्तर वाजवून राहिले."

बाबांनी "माफ करा" म्हटलं आणि मान पुन्हा कलती केली.