लेकीच्या उद्योगाला जोडीदार शोधताना

आमची मुलगी गुरुग्राममधल्या एका रुग्णालयाच्या कार्यालयात नोकरीला होती. बरे होऊन घरी निघालेल्या रुग्णांना औषधांचा कागद जिथे देतात, त्या खिडकीपाशी तिची बरीच वर्षे गेली. कागद इंग्रजीत, त्यावर डॉक्टरांनी घाईत लिहिलेल्या सूचना, आणि तो घेणारे हात बहुधा वृद्धांचे. कोणी विचारी, "बेटा, ये सुबह वाली है या रात वाली?" आणि उत्तर ऐकूनही संशय न फिटल्याने दारापर्यंत जाऊन परत येई. फोन कागदासमोर धरावा आणि त्याने तो कागद त्या माणसाच्या भाषेत वाचून दाखवावा, ही कल्पना तिला तिथेच सुचली. मला ती सेवाच वाटली, आणि मी मनोमन देवाला नमस्कार केला.

तिने बिनपगारी रजा घेतली. दिवाळीपर्यंत तिची जागा राखून ठेवू, असे वरिष्ठांनी सांगितले होते. तोवर प्रोग्रामिंग जाणणारा आणि निम्मा भार स्वतःचा मानून उचलणारा सहसंस्थापक मिळाला, तर नोकरी सोडायची. नाही मिळाला, तर सारे आवरून कामावर परतायचे, असे तिने ठरवले होते. तयार मिळणारी साधने एकमेकांना जोडून तिने कच्चे रूप उभे केले होते, पण ते पुढे नेण्याची विद्या तिच्यापाशी नव्हती. दिल्लीच्या द्वारका भागातल्या एका लहान रुग्णालयाने दिवाळीपूर्वी ते पाहण्याचे कबूलही केले होते.

गुरुग्राममध्ये अशा उद्योजकांचे संध्याकाळचे मेळावे भरतात. ती काही ठिकाणी जाऊन आली आणि हसत म्हणाली, "बाबा, तिथे सगळे माझ्यासारखेच. प्रत्येकाकडे आयडिया आहे आणि प्रत्येकाला प्रोग्रामर हवाय. सगळी वऱ्हाडी मंडळी, स्वयंपाकी एकही नाही!"

मग मी माझ्या परीने प्रयत्न केला. दिल्लीत आमच्या भागातल्या मराठी मंडळींच्या गणेशोत्सवात आरतीनंतर सूचना सांगण्याची पद्धत आहे. कोणाची छत्री राहिली, कोणाला खोली भाड्याने हवी, असे सांगून झाले की प्रसाद वाटतात. मी उठून सांगितले की आमच्या मुलीला एका लोकोपयोगी कामासाठी संगणकातला जाणकार भागीदार हवा आहे. थोडा हशा पिकला, पण पुढच्याच रविवारपासून माणसे येऊ लागली.

आमच्या घरची रीत अशी की आलेल्या माणसाने आधी खावे, कामाचे नंतर बोलावे. माझ्या वडिलांनी ती पाळली आणि मीही निष्ठेने पाळत आलो. माझी पत्नी थालीपीठ आणि लोणी पुढे ठेवी. खाणे झाले की मुलगी फोन काढून आपले काम दाखवी. येणारे तरुण चांगल्या घरचे, नम्र. एक दिल्लीतच वाढलेला मुलगा म्हणाला, "आंटी, थालीपीठ एकदम कमाल! और दीदी, आयडिया तो बिल्कुल सॉलिड है." दुसरा म्हणाला, "मला यात खूप स्कोप दिसतो." जाताना प्रत्येक जण मला वाकून नमस्कार करी, आणि नंतर त्याचा फोन लागत नसे.

"थालीपीठ मात्र सगळ्यांना पटलं हं," पत्नी मुलीला म्हणाली.

"आई, तूच काढ कंपनी. तुला लोकांचा होकार लगेच मिळतोय."

दोघी हसल्या, पण मुलीचा चेहरा उतरलेला मी पाहिला. दसरा झाला होता. मला कारण उमगत नव्हते. इतके सज्जन लोक येतात, काम वाखाणतात, आणि कोणीच परत कसे येत नाही?

सकाळी मी जवळच्या बागेत फिरायला जातो. तिथे यवतमाळकडून सरकारी नोकरीनिमित्त दिल्लीत आलेले आणि निवृत्तीनंतर इथेच राहिलेले एक गृहस्थ मला भेटतात. त्यांचे कुटुंब बौद्ध. त्यांनी उतारवयात पाली शिकायला घेतले, मी संस्कृतचा शिक्षक होतो, आणि बाकावर बसून आम्ही पालीतला एखादा शब्द आणि त्याचे संस्कृतातले भावंड यांवर बोलत राहतो. माझ्या दिवसातला तो एक आनंदाचा भाग आहे. एके दिवशी मी मुलीची अडचण त्यांच्या कानावर घातली. ते म्हणाले, "आमची लेक नोएडात प्रोग्रामिंगचंच काम करते. नवं काही करायचं तिच्या मनात आहे. पाठवतो. पण गुरुजी, आधीच सांगून ठेवतो, ती तोंडावर बोलते."

ती रविवारी आली. तिशी ओलांडलेली, पाठीवर पिशवी, चेहऱ्यावर मोकळे हसू. पत्नीने रिवाजाप्रमाणे ताटली पुढे केली.

"काकू, वास तर भारी येतोय. पण आधी काम बघते, मग खाते."

"अगं, गार होईल."

"होऊ द्या. तुमचं खाल्लं आणि मग काम आवडलं नाही, तर माझी पंचाईत होईल. कोणत्या तोंडाने वाईट बोलू?"

पत्नीने ताटली झाकली, पण तिला ते रुचले नाही. खरे सांगायचे तर मलाही रुचले नाही. माझ्या समजुतीत अन्नाला थांबवणे बसत नाही.

पाहुणीने पिशवीतून आपल्या वडिलांचा औषधांचा कागद काढला. खिशात राहून त्याच्या घडीवरची अक्षरे पुसली होती. मुलीने फोन वर धरला. स्पष्ट, गोड मराठीत आवाज आला. एकेक औषध, एकेक वेळ. मी कौतुकाने ऐकत होतो. एका गोळीपाशी आवाज म्हणाला, "ही गोळी जेवणानंतर घ्यावी."

"थांबा," ती म्हणाली. "ही गोळी माझे बाबा जेवणाआधी घेतात. डॉक्टरांनी माझ्यासमोर सांगितलंय. आणि इथे तर घडी आहे. अक्षरच दिसत नाही. मग याने 'नंतर' कुठून आणलं?"

मुलगी चाचरली. "बहुतेक गोळ्या जेवणानंतरच असतात. म्हणून त्याने तसं धरलं असेल."

"बहुतेक गोळ्या असतील. ही नाही ना. तुमच्या यंत्राला कळत नाही याचं मला काही वाटत नाही. पण कळलं नाही तरी ते गप्प बसत नाही, आणि तेवढ्याच गोड आवाजात सांगतं. याचीच मला भीती वाटते."

"इतके लोक बघून गेले. कोणीच असं बोललं नाही."

"त्यांनी आधी थालीपीठ खाल्लं असेल."

पत्नीला हसू आवरले नाही. मी मात्र हसू शकलो नाही. आमच्या घरात बसून, आमचे अन्न खाऊन, आमच्याच लेकीच्या श्रमांना उणे म्हणणे कोणाला शक्य होते? सौजन्याने तसे न बोलण्याची सोय मीच करून ठेवली होती. ती आमची रीत मला आजही प्रिय आहे. पण परीक्षेच्या वेळी ती पुढे आणायची नसते, हे मला त्या दिवशी कळले.

निघण्यापूर्वी ती पोटभर जेवली आणि मग म्हणाली, "मला यायचंय. काम खरंच गरजेचं आहे. पण हे आहे तसं पुढे न्यायचं असेल तर मी नाही. मुळापासून करावं लागेल. जे वाचता आलं नाही, ते वाचता आलं नाही म्हणून सांगणारं."

"मग दिवाळीपूर्वी रुग्णालयाला काय दाखवू?"

"दिवाळीपूर्वी नाही होणार."

दुपारभर मुलगी धुमसत होती. "आली आणि सगळं मोडायला सांगून गेली. यार, हद्द आहे! दर दोन ओळींनी 'कळलं नाही' म्हणणारं यंत्र कोण घेईल, बाबा?"

निवृत्त झाल्यापासून मी जुन्या हस्तलिखितांच्या प्रती तयार करतो. त्या वेळीही एका स्तोत्राची प्रत समोर होती. मुलगी माझ्याजवळ येऊन बसली. मूळ पान वाळवीने खाल्ले होते. जिथे अक्षरे गेली होती, तिथे माझ्या प्रतीत मी कोरी जागा सोडली होती.

"हे का सोडलंय? हे स्तोत्र तर तुम्हाला पाठ आहे."

"पाठ आहे म्हणूनच," मी म्हणालो. "हात आपोआप भरायला धावतो. आमचे गुरुजी प्रत तपासायला घेत, तेव्हा सगळ्यात आधी कोऱ्या जागा बघत. मूळ पान फाटकं आणि प्रत मात्र पूर्ण, असं दिसलं की पुढे न वाचता परत देत. म्हणत, पुढचा माणूस तुमच्या शब्दाला ऋषींचा शब्द समजून म्हणेल. तुम्हाला तेवढा अधिकार आहे का?"

"आणि कोऱ्या जागांचं पुढे काय होतं?"

"कोणाजवळ त्याच स्तोत्राची दुसरी पोथी असते. तो येतो आणि भरतो. जागा दिसली, तरच येतो."

तिने त्या कोऱ्या जागेवरून बोट फिरवले. मग माझ्यासमोरच तिने नोएडाच्या त्या मुलीला फोन लावला.

"मोडूया," ती म्हणाली. "पण माझंही एक ऐका. नुसतं 'वाचता येत नाही' म्हणून नाही चालणार. म्हातारी माणसं घाबरतात, मी खिडकीत रोज बघितलंय. त्याने पुढे सांगायला हवं, की डॉक्टरांना विचारा, ही गोळी जेवणाआधी की नंतर. नेमका प्रश्न त्यांच्या तोंडी द्यायला हवा."

पलीकडून काही उत्तर आले. मुलगी म्हणाली, "नाही, नाही, ते अवघड असलं तरी करायचं." पुन्हा उत्तर आले. "अच्छा, मग तुम्हीच सांगा कसं करायचं!" तिचा आवाज चढला होता. इतक्या आठवड्यांत कोणी तिच्याशी वाद घातला नव्हता, आणि तीही कोणाशी इतक्या हक्काने भांडली नव्हती.

दुसऱ्या दिवशी तिने द्वारकेच्या रुग्णालयाला कळवले की दिवाळीपूर्वी जमणार नाही. त्यांनी पुढे बघू म्हटले, होकार दिला नाही. मग तिने गुरुग्रामच्या जुन्या कार्यालयात फोन करून सांगितले, "मला भागीदार मिळाली. माझी जागा आता दुसऱ्या कोणाला द्या." तिच्या हाती काहीच उरले नव्हते. पहिले काम मोडलेले होते आणि नव्याची एक ओळही लिहिलेली नव्हती.

तेवढ्यात दाराची घंटा वाजली. नोएडाची ती मुलगी आली होती. मला नमस्कार करण्यापुरती थांबून आत गेली आणि दोघी पुन्हा वाद घालू लागल्या.