तात्यांनी दोनदा वाचलेली कादंबरी

चार माणसं कादंबरीवर बोलायला बसली की कादंबरी राहते बाजूला आणि किस्से मात्र साचत जातात! आमच्या मिरजगावच्या मंडळात तर इतके साचलेत, की आता कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

मंडळ म्हणजे आम्ही चौघंच. राजूचं मोटार रिवायंडिंगचं दुकान, तिथे दर रविवारी सकाळी बसायचं. राजू, रिटायर झालेल्या कुलकर्णी मॅडम, कांदा-ज्वारी करणारे तात्या आणि मी मेडिकलवाला. चौघांत मिळून एकच प्रत घ्यायची आणि आठवडा-आठवडा फिरवायची.

*

राजूचा हात कायम ग्रीसचा. त्यामुळे त्याच्याकडून आलेल्या पुस्तकात प्रत्येक पानावर अंगठा असतो. एका कादंबरीत पंचेचाळिसाव्या पानावर पाचही बोटं उठलेली! मी म्हटलं, "राजू, इथं एवढं काय आवडलं रे?"

"आवडलं कुठलं? झोप लागली हुती!"

*

कुलकर्णी मॅडम रहस्यकथेचं शेवटचं पान आधी वाचतात. चोरून नाही, सगळ्यांसमोर!

"मॅडम, मग मजा काय राहिली?"

"मला बीपी आहे. माणूस जगतो की मरतो ते एकदा कळलं, की मी निवांत वाचते."

मी मेडिकलवाला, मला राहवेना. "पण गोळी चालू आहे ना?"

"गोळी संध्याकाळची. मी कादंबरी सकाळी वाचते!"

*

तात्यांना एकदा खेड्यातली प्रेमकथा दिली. रविवारी तात्या दुकानात आले ते तापूनच. पुस्तक टेबलावर आपटलं.

"उन्हाळी कांदा पोळ्याला काढलाय ह्या लेखकानं! पोळ्याला, भर पावसाळ्यात! वावरात येऊन बघायचं तरी!"

मॅडम म्हणाल्या, "अहो तात्या, पण त्या दोघांचं प्रेम कसं वाटलं?"

"ज्याला कांदा कळंना, त्याच्या प्रेमावर काय इस्वास ठेवू?"

*

आता माझीच फजिती. काउंटरवर बसून एक कादंबरी वाचत होतो. त्यातली आई गेली आणि मला रडूच कोसळलं. तेवढ्यात एक गिऱ्हाईक आलं, डॉक्टरांची चिठ्ठी पुढे केली. मी डोळे पुसत चिठ्ठी वाचतोय, तर तो माणूस मटकन पायरीवर बसला.

"सांगा साहेब, खरं सांगा. किती दिस हायती माझं?"

चिठ्ठीवर ॲसिडिटीची गोळी होती!

*

आणि आता परवाची गोष्ट.

या वेळच्या कादंबरीतली बाई नवऱ्याचं घर सोडून माहेरी येते आणि परत जात नाही. मॅडमनी वाचली, मग ती तात्यांकडे गेली. रविवारी तात्यांनी दुकान डोक्यावर घेतलं.

"तिनं परत जायाला पायजे हुतं! बापाच्या दारात किती दिस बसायचं?"

तात्यांची लेक वैशाली दिवाळीला आली होती ती अजून सासरी गेली नव्हती. का, ते गावात कोणी विचारत नव्हतं आणि तात्या सांगत नव्हते.

मॅडमच शेवटी म्हणाल्या, "तात्या, नवरा तिला कोंडून ठेवतो ते वाचलंत ना?"

"वाचलं की! पण त्या बापानं चार मानसांत तोंड कसं दाखवायचं?"

"परत एकदा वाचा," मॅडम म्हणाल्या. तात्यांनी रागारागाने पुस्तक पिशवीत कोंबलं आणि निघाले. पुढचा नंबर माझा होता, पण मी पुस्तक मागितलं नाही. वैशालीला न्यायला तिच्या सासरचे येत्या रविवारी येणार आहेत, हे गावभर झालं होतं. मला त्या पोरीची फार काळजी वाटत होती.

रविवार आला. आम्ही बसलेलो, तात्याही पुस्तक मांडीवर घेऊन बसलेले. दहाच्या सुमारास दारात जीप थांबली. वैशालीचा सासरा आणि नवरा उतरले. घरी तात्या भेटले नाहीत, म्हणून पत्ता काढत आले होते.

"चला पाव्हनं," सासरा म्हणाला, "पोरीला तयार व्हायला सांगा. ऊन व्हायच्या आत निघू."

तात्या उठले. मांडीवरचं पुस्तक त्यांनी जावयाच्या हातात ठेवलं.

"जावईबापू, आधी एवढी वाचा."

जावयाने पुस्तक उलटंपालटं करून बघितलं. वैशालीच्या सासऱ्याला हसू आलं. "बरं, वाचल त्यो घरी जाऊन! पन पोरीला धाडताय ना?"

"ते तिला इचारा," तात्या म्हणाले. "मी दोनदा वाचली. मला काय आता तिला 'जा' म्हनवंना!"