कमी न्हाई, हळू हाय

"कमी न्हाई, हळू हाय."

हे वाक्य तिच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं ते एसटीत. लातूरहून नांदेडकडे जाणारी साधी गाडी सकाळी नऊच्या सुमारास त्यांच्या फाट्यावर थांबली होती. तिची पोरगी एक पाय पायरीवर आणि एक रस्त्यावर ठेवून उभी. मागच्या सीटवरून लोक ओरडायला लागले तसा कंडक्टर वैतागून म्हणाला, "पोरगी कमी हाय का ओ जरा?" तिनं पोरीचा दुसरा पाय स्वतःच्या हातानं उचलून पायरीवर ठेवला, मान वर केली आणि म्हणाली, "कमी न्हाई, हळू हाय. बेल मारू नका." कंडक्टरनं नाही मारली.

अशी एखादी बाई तुमच्याही गाडीत चढत असेल. आपण अशा वेळी खिडकीबाहेर बघतो. मला ती सोय नव्हती, कारण त्या दोघी माझ्याच शाळेत यायच्या.

अहमदपूरला मोंढ्याच्या, म्हणजे धान्यबाजाराच्या मागं भाड्याच्या खोल्यांत आमची शाळा भरायची. बौद्धिक अडचण असलेल्या मुलांची शाळा. गावातले लोक तिला दुसऱ्याच नावानं ओळखत. ते नाव मी इथं लिहिणार नाही. पोरीचं नाव सुजाता, वय चौदा. बाप पुण्याकडं कामाला गेला तो तिकडचाच झाला होता. पोरीला शाळेत सोडून आई जवळच्या डाळमिलमध्ये डाळ निवडायला जायची आणि चार वाजता न्यायला यायची, केसांत तुरीचा भुसा घेऊन. शाळा होती म्हणून मिल होती, एवढं साधं गणित होतं.

आम्ही शाळेत शिकवतो ते तुम्हाला शिक्षण वाटणार नाही. गुंडी लावणं, तांब्यातून पाणी ओतणं, गाडीला हात करणं. सुजाताला गाडीला हात करायला शिकवण्यात दोन वर्षं गेली. मी वर्गात पुठ्ठ्याची लाल गाडी करून आणायचो, पोरगी त्या पुठ्ठ्याला हात करायची आणि खऱ्या गाडीपुढं दगड व्हायची. आई म्हणाली, "सर, तुमच्या पुठ्ठ्याला हारन न्हाई. तिला हारनचं भ्याव हाय." मग रोज फाट्यावर तीच पोरीचा दंड धरून वर करायची. एका सकाळी दंड न धरता हात वर गेला. गाडी थांबली. त्या दिवशी तिनं अख्ख्या शाळेला चुरमुरे वाटले आणि मला दोनदा वाढले.

त्यानंतर नोटीस आली. शाळेची तपासणी होणार, मुलांची संख्या आणि प्रगती पाहून मान्यता ठेवायची की काढायची ते ठरणार. पालकांची बैठक बोलावली. एक शेतकरी वडील होते, रामरावकाका, शांत माणूस. ते म्हणाले, "सगळ्यांच्या सह्या घेऊन निवेदन देऊ." सुजाताची आई उभी राहिली. "काका, निवेदन सायेब वाचतेत का? आपन लेकरं दाखवू. अशी तयार करू का सायेब बघतच राहील."

सगळ्यांना पटलं. मलाही.

तीन आठवडे ती मिलमधून अर्ध्या दिवसानं यायची. नाव सांगा, गाव सांगा, हात जोडा. एक पोरगं घंटा वाजली की किंचाळायचं, तर तिनं शाळेची घंटाच उतरवून कपाटात ठेवली. भिंतीवर डोकं आपटणारा रामरावकाकांचा गणेश आणि अजून दोन मुलं त्या दिवशी घरी ठेवायची असं ठरलं. "पाव्हन्यापुढं घर आवरतो का न्हाई आपन?" ती म्हणाली. मी हसलो. सोळा वर्षं या कामात काढलेला माणूस मी. आमची गरज मुलांच्या अडचणींवरून मोजतात हे मला माहीत असायला पाहिजे होतं, आणि होतं. पण त्या आईबापांच्या चेहऱ्यावर इतका हुरूप होता की माझी जीभच रेटली नाही. त्याबद्दल मी स्वतःला माफ केलेलं नाही.

तपासणीच्या दिवशी दोन अधिकारी आले. मुलं ओळीनं बसली होती, तेल लावलेली, पावडर लावलेली. कुणी किंचाळलं नाही. सुजातानं पाणी दिलं, थेंब सांडला नाही. नाव सांगितलं, गाव सांगितलं. साहेब खूश झाले.

"शाळेला कशी येते गं?"

"गाडीला हात करते," सुजाता म्हणाली.

साहेबांनी आईकडं पाहिलं. "एकटी येते?"

मी तिच्या शेजारीच उभा होतो. तिनं एक क्षण पोरीकडं बघितलं आणि छाती भरून म्हणाली, "हाव सायेब. एकटी येती."

साहेब गेल्यावर बायांनी एकमेकींना मिठ्या मारल्या. रामरावकाकांनी घरी फोन लावून गणेशला विचारलं, जेवला का.

अहवाल दीड महिन्यानं आला. मी तो व्हरांड्यात पालकांना वाचून दाखवला. मुलं स्वावलंबी आहेत, संवाद साधतात, एकटी प्रवास करतात. जवळच्या सर्वसाधारण शाळेत त्यांची सोय होऊ शकते. पटावरच्या संख्येपेक्षा हजेरी कमी. सबब वेगळ्या शाळेची आवश्यकता दिसत नाही.

"ते एकटीचं परत वाचा," ती म्हणाली.

मी परत वाचलं.

"ते म्या बोलले," ती म्हणाली आणि पदरानं पोरीचं नाक पुसत बसली.

मग आम्ही सगळे लातूरला कार्यालयापुढं बसलो. आठवडाभर, उन्हात, मुलांसकट. या वेळी कुणी पावडर लावली नाही. गणेशनं फाटकावर डोकं आपटलं, काकांनी मध्ये आपला तळहात धरला आणि रडले. शेवटी साहेबांनी चौघांना आत बोलावलं. ती सुजाताला घेऊन आत गेली, मागोमाग मी आणि रामरावकाका.

"बाई, तुम्हीच सांगितलं होतं, एकटी येते म्हणून."

"खोटं बोलले सायेब. मी संगं असते. तिला येनी घालता येत न्हाई. पाळी आली का तिला समजत न्हाई, मिल सोडून पळत यावं लागतं. कुनी चॉकलेट दिलं तर त्याच्या मागं जाती." ती थांबली. पोरगी तिच्याकडंच बघत होती. "कमी हाय सायेब माझी पोर. लई कमी हाय. लिवून घ्या."

साहेबांनी पेन उचललं नाही. अहवाल वर गेला होता.

बाहेर आल्यावर सुजातानं विचारलं, "कमी?" आईनं तिला नळावर नेऊन पाणी पाजलं.

जूनमध्ये शाळेला कुलूप लागलं. माझं समायोजन लोह्याकडच्या एका शाळेत झालं. पगार चालू राहिला, गाडीही तीच राहिली. सुजाताला गावच्या शाळेत घातलं. महिनाभर ती शेवटच्या बाकावर बसली, मग मुलांनी तिला चिडवून चिडवून घरी घालवलं. आईनं मिल सोडली. हे मला कंडक्टरनं सांगितलं. मी त्या घरी गेलो नाही. कुठल्या तोंडानं जाणार होतो?

दिवाळीनंतरची गोष्ट. गाडी त्यांच्या फाट्याजवळ आली आणि मला रस्त्याच्या कडेला दोघी दिसल्या. सुजाताच्या अंगात आमच्या शाळेचाच गणवेश होता, दंडावर ताणलेला. रोज नऊला ती दप्तर घेऊन फाट्यावर येते, आवरत नाही, कंडक्टर म्हणाला. हॉर्न वाजला. ती घाबरली नाही. तिनं हात वर केला, कोपर सरळ, बोटं जुळवून, मी शिकवला होता तसाच.

ड्रायव्हरनं वेग कमी केला. तेव्हा आईनं पोरीचा दंड धरला आणि हळूच तो हात खाली केला. दुसऱ्या हातानं तिनं गाडीला पुढं जायची खूण केली.

कंडक्टरनं बेल मारली.