मोरचुदाचे वासे

भाट्ये गावातल्या आमच्या वाडीत नवी पडवी काढली तेव्हा वाळवीला हरवायची अक्कल माझीच. पोफळींवर फवारायला आणलेलं मोरचूद उरलं होतं. ते पाण्यात कालवून सगळे वासे आठ दिवस त्यात बुडवून ठेवले. वासे हिरवट झाले, मी खूश. गावचा म्हातारा सुतार म्हणाला, "भाऊ, लाकडी खुंट्याच मारूया." मी त्याला हसलो, आणि बाजारातून नवे लोखंडी खिळे आणून दिले.

दुसऱ्याच पावसाळ्यात पडवी खचली. वाशांना वाळवी शिवली नव्हती, पण खिळे काडीएवढे झिजून बोटांनी मोडत होते. माझं डोकं फिरलं. शिमग्याआधी देवळात बैठक भरली, तिथे चारचौघांत सुताराकडे बोट दाखवून बोलून गेलो, "याने माझे चांगले खिळे बदलून भंगार मारलं." तो गप्प राहिला. पालखी दुरुस्त करायचा मान त्याच्या घराण्याचा. त्या साली तो दुसऱ्या सुताराला दिला गेला.

पुढच्या पावसाळ्यात माझ्या गड्याने मोरचूद लोखंडी बादलीत कालवायला घेतलं. मी नेहमीसारखा ओरडलो, "अरे, मडक्यात कालव! लोखंड खातं ते!" आणि तिथेच मला पडवीचे झिजलेले खिळे आठवले. दर वर्षी हे सांगणारा मीच होतो.

तसाच भिजत सुताराच्या घरी गेलो. तो ओटीवर बसला होता, हत्यारं वर टांगलेली. मी सगळं सांगितलं. त्याने स्वतःचे हात उलटेपालटे करून बघितले.

"मला वाटलं, माजेच हात गेले," तो म्हणाला. "खिळे नीट बसले नसतील, पानी शिरून गंजले आसतील. म्हणून गप ऱ्हायलो."

त्याच्या गप्प राहण्याला मी गुन्ह्याची कबुली समजलो होतो. मला रडू आलं. माफी मागितली.

"माज्याकडं कशाला मागता? जिथं बोललात तिथं सांगा."

शिमग्याच्या बैठकीत उभा राहून मी सगळं सांगितलं. मान त्याच्याकडे परत आला. पालखीच्या दांड्याला नवी खुंटी मारायची होती. तो पुढे झाला, पण मोगरीचा घाव खुंटीवर नीट बसेना. वर्षभर त्याने हत्याराला हात लावला नव्हता.

शेवटी खुंटी त्याने धरली आणि मोगरी माझ्या हातात दिली.

"हळू मारा, भाऊ," तो म्हणाला. "ह्ये बोट माजं हाय."