दहिसरच्या नाक्यावर उभा राहिलेला ट्रेलर

हिमालयात यायचंय ना, मग आधी मुंबईच्या उपनगरांतून चालून दाखव, असं गिर्यारोहण मंडळाच्या प्रमुखांनी माझ्या धाकट्या भावाला, विलासला सांगितलं, तेव्हा मला हसू आलं होतं. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. विलास नुकताच काविळीतून उठलेला, आणि मोहिमेत एकच जागा उरलेली. पाठीवर भरलेली सॅक घेऊन मार्वेहून निघायचं आणि मनोरी, बोरिवली, जंगल, मुलुंड, घाटकोपर, अंधेरी करत तीन दिवसांत मार्वेला परतायचं, अशी परीक्षा होती. जेवण आणि झोप फक्त बेसकॅम्पवर. वाटेत कुणाच्या घरात पाऊल टाकायचं नाही, स्वतःच्या तर नाहीच. माझं माहेर, म्हणजे विलासचं घर, मुलुंडला आणि रस्ता आमच्या चाळीच्या तोंडावरून जाणारा. डोंगर चढणारे पुष्कळ मिळतात, घरावरून पुढे जाणारे कमी, असं प्रमुखांचं मत होतं. विलासला ही जागा हवीच होती. काविळीनंतर सगळे त्याला काचेचं भांडं असल्यासारखे जपायचे, त्याचा त्याला वीट आला होता.

बेसकॅम्प म्हणजे मी आणि माझे यजमान. ह्यांच्या जुन्या जीपला गोरेगावच्या एका स्टुडिओतला दिव्यांचं सामान वाहणारा ट्रेलर मागून जोडला. वर ताडपत्री, आत गादी, रॉकेलचा स्टोव्ह आणि पाण्याचं पिंप. गोरेगावलाच हवालदाराने अडवलं. "कसला ट्रेलर?" म्हणाला. "भावाचा," मी म्हटलं. "पिक्चर कधी लागणार?" त्यावर आम्ही तिघंही हसलो. त्या प्रवासातलं मनमोकळं हसणं तेवढंच.

पहिला दिवस सुखाचा गेला. मार्वेहून मनोरीला होडीने पाच मिनिटांत जाता येतं, पण ट्रेलर काही होडीत बसत नाही. म्हणून आम्ही बोरिवलीच्या बाजूला गोराई खाडीच्या धक्क्यावर तळ टाकला. तिकडे जाणार असाल तर डोक्याला टोपी ठेवा, माडांची सावली वाटते तेवढी पडत नाही. संध्याकाळी विलास पलीकडून होडीने आला तो मिठाने पांढरा झालेला. मी सुकटीची चटणी आणि भाकरी केली होती. तो चार भाकऱ्या जेवला आणि मला वाटलं, जिंकला हा.

तिथून माझं स्वतःचं, बोरिवलीचं घर रिक्षाने जेमतेम दहा मिनिटांवर. हे म्हणाले, "अगं, तू तरी जाऊन नीट झोप." मी गेले नाही. भाऊ गादीवर आणि बहीण पलंगावर, हे बरं दिसलं नसतं. डासांनी मात्र फोडून काढलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी जंगलाच्या फाटकाशी चहा घेताना कळलं, की तलावाच्या बाजूने पहारेकरी कुणाला सोडत नाहीत. (आता तर परवानगीशिवाय आत भटकूच नका, बिबटे आहेत.) विलासने सॅकचे पट्टे आवळले.

"सोडलं नाही तर वळसा घालीन. कुठूनही निघालो तरी संध्याकाळी नाक्यावर भेट. आणि भात कर गं, भाकरी पुरे झाली."

"नाक्यावर ना? असते मी."

एवढंच बोलणं झालं. फोन कुणाकडेच नव्हता, पण नाका माहीत असताना फोन हवा कशाला?

दुपारीच आम्ही चेकनाक्यावर पोचलो. जकातीसाठी ट्रकांची ही लांब रांग, धुराने डोळे चुरचुरत होते. रस्त्याच्या कडेला भात शिजवला, वर आमटी. ऊन उतरलं. भात निवला, परत गरम केला. प्रत्येक सॅकवाला मला विलास वाटायचा, आणि सॅक घेतलेलं तिथे कुणी येतच नव्हतं. हे दोनदा घोडबंदरच्या बाजूला जीप घेऊन बघून आले. पडला असेल, जनावराने गाठलं असेल, नाही नाही ते मनात आलं. पहाट होताच आईला सांगायला म्हणून मुलुंडला गेलो. वाटभर शब्द जुळवत होते, एकही जुळला नाही.

दार आईने उघडलं. आत विलास घमेल्यात पाय सोडून बसला होता. टाचा सोलवटल्या होत्या. मी आधी रडले, मग ओरडले.

"होतास कुठे तू?"

"नाक्यावर. पाणी संपलेलं, उभं राहवेना. शेवटी घरी आलो. तू कुठे होतीस?"

"मी पण नाक्यावरच! दुपारपासून रात्रभर!"

"कुठल्या?"

"कुठल्या म्हणजे? चेकनाक्यावर. दहिसरच्या."

उत्तरेकडून मुंबईत शिरणाऱ्या दोन हमरस्त्यांवर दोन चेकनाके, एक दहिसरचा, एक मुलुंडचा. बोरिवलीकराला नाका म्हणजे दहिसर, मुलुंडकराला मुलुंड. दुसऱ्याची आठवणही कुणाला होत नाही. मुलुंडच्या त्या नाक्यावर मी शाळेतून येताना बर्फाचे गोळे खाल्ले होते.

विलासने घमेल्यातला एक पाय बाहेर काढून पुसला. मग म्हणाला, "ताई, आपला नाका तो नव्हे गं."

आई चुलीपाशी होती. ती मालवणीत त्याला म्हणाली, "कित्याक बोलतंस तेका? ता आता बोरिवलीचा झाला."

तिला कशाला बोलतोस, ती आता बोरिवलीची झाली, असं म्हणून ती माझी बाजू घेत होती. मला ते फार लागलं.

प्रमुखांना काही कळलं नसतं. विलासनेच जाऊन सांगितलं, घरी गेलो होतो म्हणून. ती जागा दुसऱ्याला मिळाली. पुढे विलास भांडुपच्या कारखान्यात लागला, आणि डोंगराचं नाव त्याने पुन्हा काढलं नाही. ट्रेलर धुऊन स्टुडिओत परत केला. फेरीतलं खाडीवरचं वारं आणि सुकटीची चव अजून आठवते, पण कुणी तसं चालायला निघालं तर मी जा म्हणेन की नको, मला ठाऊक नाही.

विलास माझ्यावर कधी रागावला नाही. भाऊबीजेला येतो, थट्टा करतो. फक्त कुठे भेटायचं ठरलं, की मला "मुलुंड चेकनाका" असं पूर्ण नाव घेऊन सांगतो, परगावच्या माणसाला सांगावं तसं.